मोरीपलीकडचं रोहा

१९ ऑगस्ट १९९७, मंगळवार. संध्याकाळी ७.
आजपासून रोजनिशी. माझ्यावर मोठी जबाबदारी आली आहे आणि अशा गोष्टींची नोंद असावी.

ऑफिसात मुंबईहून पत्र आलं. मुंबईच्या भोवतालची शहरं मिळून एक महानगर धरायचं चाललंय. एक महानगर, आत शहरं अनेक. तर प्रत्येक शहराचा गाभा कुठला आणि उपनगर कुठलं, हे नकाशावर वेगवेगळं दाखवून पाठवा. गाभा लाल, उपनगर पिवळं. पेणपासून रोह्यापर्यंतचा तुकडा आमच्या पेणच्या ऑफिसकडे. साहेबांनी पत्र वाचलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि रंग भरून टाका म्हणाले.

बावीस वर्षं ट्रेसर आहे. दुसऱ्यांनी ठरवलेल्या रेघा गिरवण्यात चष्म्याचा नंबर साडेतीनवर गेला. 'भरून टाका' म्हणजे ठरवणं माझ्यावर सोडलंय, हे उघड आहे. जेकबना तसं वाटत नाही. जेकब आमचे हेड ड्राफ्ट्समन. डिसेंबरात रिटायर होणार, दोन्ही मुलं इस्रायलला. ते म्हणाले, मोरू, तुला फक्त रंग भरायला सांगितलाय. रिटायरमेंट जवळ आली की माणसाची महत्त्वाकांक्षा मरते.

पेण लाल. रोहा लाल. दहा मिनिटांत झालं. मग ब्रश वरसेवर आला आणि थांबला.

२० ऑगस्ट. सकाळी ६.१०, एसटीची वाट बघताना.
वरसे पिवळं होऊ शकत नाही. तिथे माझं घर आहे.

यात भावनेचा भाग नाही. एप्रिलमध्ये आम्ही रोह्याच्या बाजारपेठेतली भाड्याची खोली सोडून वरसेला स्वतःच्या घरात आलो. घरापासून बाजारपेठ चालत अकरा मिनिटं. (घड्याळ लावून. सावकाश चाललं तर तेरा.) मध्ये फक्त नाल्यावरची एक मोरी. मोरीच्या अलीकडे रोहा आणि पलीकडे गाव, असं काही निसर्गात नसतं. तरी जुने शेजारी भेटले की विचारतात, काय मोरूभाऊ, गावाला करमतं का?

गावाला.

२१ ऑगस्ट.
निश्चय : १) ठरवणं शास्त्रीय पद्धतीने करायचं. २) निकाल काय येईल याचा आधी विचार करायचा नाही. ३) वरसेसाठी लाल रंग थोडा जास्त कालवून ठेवायचा, नंतर शेड जुळत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार.
रंभाला विषय समजावून सांगितला. गाभा म्हणजे काय, उपनगर म्हणजे काय. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, की मग पालखी येणार का?

हा तिचा जुना विषय आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्यात देवाची पालखी घरोघर फिरते. बाजारपेठेत आम्ही बायजाबाईंचे भाडेकरू. दारात पालखी आली की पहिलं ताट मालकिणीचं. रंभा तिच्या मागे उभी. बावीस वर्षं मागे. पूजा तान्ही असताना आजारी पडली होती, तेव्हा रंभा देवाला बोलली, की स्वतःचं घर होऊ दे, माझ्या दारात तुला मी आधी ओवाळीन. आता पूजा अकरावीला आहे आणि घर झालंय.

मी तिला म्हणालो, गाभा ठरला की पालखी आलीच. देव उपनगरात जात नाही, पण गाभ्यात त्याला यावंच लागतं. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

२५ ऑगस्ट.
कॅज्युअल टाकली. प्रत्यक्ष पाहणी. नियम असा : सकाळी जिथून माणसं बाहेर जातात ते उपनगर, जिथे जातात तो गाभा. ७ ते ९ मोरीवर उभा. हातात पॅड, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र.

वरसेहून रोह्याकडे : २१२.
रोह्याहून वरसेकडे : १९. शिवाय गवळ्याच्या अकरा म्हशी.

प्रथम म्हशी धरल्या नाहीत. नंतर धरल्या. रोज ठरलेल्या वेळी ये-जा करतात, शास्त्राला आणखी काय हवं. तरी बेरीज तीसच.

अडथळे फार. रस्ता रुंद होणार अशी बोंब कुणीतरी उठवली. एका म्हाताऱ्याने नुकसानभरपाईचा अर्ज कुणाच्या नावे करायचा ते विचारलं. दुपारपर्यंत तिघांनी आपापलं कुंपण पुढे सरकवलं.

२६ ऑगस्ट.
एसटीत विचार केला. आकडे फसवे असतात. मी रोज वरसेहून निघतो पण रोह्यात थांबत नाही, थेट पेणला जातो. म्हणजे मी वरसेला रोह्याचं उपनगर करत नाही. उलट या नियमाने रोहाच पेणचं उपनगर ठरेल. ते कोण मान्य करील? नियमच चुकीचा.

२९ ऑगस्ट.
पेणला तोच नियम लावून बघितला, न्याय सगळ्यांना सारखा म्हणून. सकाळी पेणहून माणसं भरभरून डोलवीला, तिथल्या कारखान्यात जातात. कंपनीची बस, टमटम, सायकली. शिफ्टला, कंत्राटावर, गेटवर नुसतं उभं राहायला. म्हणजे डोलवी गाभा आणि पेण उपनगर. नियमाप्रमाणे डोलवी लाल केलं.

मग चहाच्या टपरीवर डोलवीचा प्रविण भेटला. कंत्राटी वेल्डर आहे. त्याला ही आनंदाची बातमी दिली, की तुझं गाव आता महानगराचा गाभा. तो म्हणाला, "गाभा हाय तर नळाला पाणी कवा येनार?" तो भाजी आणि पोराचा डॉक्टर दोन्हींसाठी पेणला येतो. म्हणजे संध्याकाळी पेण गाभा.

रंग वाळायच्या आत दिवसाला दोनदा शहर बदलतं. डोलवी लाल-पिवळे पट्टे. नकाशा सुंदर दिसतोय.

१ सप्टेंबर.
घरात शिस्त. रंभा बाजारात निघताना 'रोह्याला जाऊन येते' म्हणते. माणूस स्वतः आहे त्या गावाला जात नाही. यापुढे 'खाली जाऊन येते' म्हणायचं, असं सांगितलं. ती खाली जाऊन येते म्हणाली आणि रिक्षावाल्याला रोहा म्हणाली. मी खिडकीतून ऐकलं.

६ सप्टेंबर. गणेश चतुर्थी.
दर्शनाला ठमाबाई आल्या. शेजारीण. मूळ वरसेकर, भातशेती, उभा जन्म इथेच. एप्रिलपासून रोज काहीतरी आणून देतात, शेवग्याच्या शेंगा, वालाचं बिरडं. मी हे पाहणीत धरलेलं नाही. शहरातही शेजारी देतात.

१४ सप्टेंबर, रविवार.
ठमाबाई मुलाला घेऊन आल्या. गोविंदा, तिशीचा, गावदेवीच्या पालखीचा खांदेकरी. दसऱ्याला वरसेच्या गावदेवीची पालखी निघते आणि गावातल्या प्रत्येक दारी जाते. नव्या घराने वहीत नाव द्यायचं, घरातल्या एका गड्याने खांदा द्यायचा, एवढंच. मात्र एका दाराला एकाच शिवेचा देव. इथे नाव दिलं की रोह्याच्या पालखीची वाट बघायची नाही.

ठमाबाई रंभाला म्हणाल्या, "नाव दे गो. देवी दारात येल, तू तिची ओटी भर. तुझ्याफुडं कोन नाय उभं ऱ्हानार."

रंभाने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, की हे घर तांत्रिकदृष्ट्या रोह्याच्या गाभ्यात येतं, निर्णय वरच्या पातळीवर आहे, थोडी कळ काढा. गोविंदाने वही मिटली. जाताना त्याने विचारलं, की वरची पातळी म्हणजे घाटावर का? त्याला नकाशा दाखवायला हवा होता.

सगळे गेल्यावर रंभा म्हणाली, "मला कुठलाही देव चालेल. दारात आला म्हणजे झालं."

तिला मोठं चित्र दिसत नाही. गावदेवी घेतली की आपण कायमचे वरसेकर. मी त्या म्हशींचा हिशेब कुणासाठी मांडला?

१७ सप्टेंबर.
नवीन नियम सापडला. देवाच्या पालखीची हद्द हीच शहराची हद्द. जुनं, स्थानिक आणि आकड्यांशिवाय. म्हणजे रोह्याची पालखी माझ्या दारी आली की वरसे गाभा. आणि वरसे गाभा असल्यामुळे पालखी येणारच. दोन्ही बाजूंनी पक्कं.

जेकबना ऐकवलं. ते पेन्सिलीला टोक करत होते. म्हणाले, त्यांच्या गावात त्यांच्या ज्यू लोकांची सोळा घरं होती, आता ते एकटे उरलेत, आणि या सगळ्या वर्षांत नकाशात त्या गावाचा ठिपका तेवढाच आहे. मग म्हणाले, "ठिपका बघत बसू नकोस मोरू. दारात कोण येतंय ते बघ." मी म्हटलं, तोच तर माझा नियम आहे. त्यांनी पेन्सिलीला पुन्हा टोक केलं.

२१ सप्टेंबर, रविवार.
रोह्याच्या उत्सवाच्या मंडळींना भेटलो. ट्रेसिंग सोबत नेलं. लाल रंग मोरी ओलांडून येतो, डावीकडे वळतो आणि आमच्या घराला वळसा घालून थांबतो. जरा जिभेसारखा दिसतो, पण शास्त्राचा आकार शास्त्र ठरवतं. घरं एकाला एक लागून आहेत, सलग वस्ती आहे, पाऊण तास समजावलं. मंडळींमधल्या सर्वांत वृद्ध गृहस्थांनी नकाशा उलटा धरून शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, वाट पूर्वापार ठरलेली असते. बघू.

तत्त्वतः मान्यता मिळाली.

रंभाला सांगितलं. ती पहिल्यांदाच हसली. कपाटातून पितळी ताट काढून चिंचेने घासायला घेतलं. तिला इतकी आनंदात बघून मलाही बरं वाटलं. नाही म्हटलं तरी हे सगळं तिच्यासाठीच चाललंय.

२८ सप्टेंबर.
वरसेच्या पालखीचं प्रकरण लेखी संपवलं पाहिजे. उद्या दोन्ही पालख्या दारात आल्या तर? पत्र तयार केलं. प्रति, गावदेवी पालखी, मौजे वरसे. विषय : पालखी न आणणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की सदर घर रोहा शहराच्या गाभ्यात समाविष्ट असल्याने आपण येण्याची तसदी घेऊ नये.

रंभा म्हणाली पितृपक्षात असलं काही लिहू नका. मी म्हटलं, पत्रव्यवहाराला पितृपक्ष नसतो. तिने विचारलं, रोह्याचं नक्की आहे ना? मी तत्त्वतः म्हणालो. हा शब्द तिला कळला नाही, पण तिने विश्वास ठेवला.

गोविंदाला पत्र दिलं, पोच मागितली. त्याने दोनदा विचारलं, "नक्की ना, मोरूभाव?" मी सहीखाली तारीख घातली.

२ ऑक्टोबर. घटस्थापना.
रंभाने दारासमोरचं अंगण सारवून घेतलं. ओटीचं सामान आणलं, खण, नारळ. पूजा म्हणाली, बाबा, पण पालखी मोरी कशी ओलांडणार, आजवर कधी ओलांडलेली नाही. मुलीला सायन्सला घातलं ती चूक झाली.

८ ऑक्टोबर. दुपारी ४.
मुंबईहून दुसरं पत्र. महानगराची हद्द पेणच्या आसपासच संपते. रोहा त्यात येतच नाही. 'रोहा व लगतचा भाग हद्दीबाहेर असल्याने कोणताही रंग न देता कोरा ठेवावा.'

साहेबांनी माझा नकाशा पहिल्यांदाच नीट बघितला. डोलवीचे पट्टे बघितले. मग जीभ. ही काय म्हणून विचारलं. मी म्हणालो, सलग वस्ती. ते म्हणाले, ब्लेडने खरवडून काढा.

खरवडून काढलं. कागदाला तिथे एक भोक पडलं. साधारण माझ्या घराएवढं.

ठीक आहे. मुंबईने नाकारलं म्हणजे देवानेही नाकारलं असं होत नाही. रंभाला सांगितलेलं नाही. विनाकारण काळजी करील.

११ ऑक्टोबर, शनिवार. दसरा. संध्याकाळी ६.
गावदेवीची पालखी आली. ढोल, लेझीम. ठमाबाईंच्या दारात पाऊण तास होती. मग आमच्या फाटकाशी आली. गोविंदा पुढच्या दांडीला होता. रंभा बाहेर आली, हात जोडले. मला वाटलं दोन मिनिटं थांबतील. गोविंदाने माझ्याकडे बघितलं, मग पालखीचं तोंड फिरवलं आणि पुढे नेलं. पत्राप्रमाणे. त्याची चूक म्हणता येणार नाही.

रंभा पाठमोऱ्या पालखीकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, उद्या मोठी येणार.

१२ ऑक्टोबर, रविवार. दुपारी २.
थोडक्यात लिहितो.

रंभा पहाटेपासून दारात. नवी साडी, पितळी ताट, निरांजन. दोनदा वारा आला, दोनदा तिने पुन्हा लावलं. मी पुढे मोरीवर गेलो, स्वागताला. नकाशा बरोबर होता. खरवडायच्या आधी काढून ठेवलेली कॉपी.

सकाळी साडेदहाला पालखी मोरीच्या अलीकडच्या, रोह्यातल्या शेवटच्या घरापर्यंत आली. तिथे आरती झाली. मग माणसं वळली. मी पुढे होऊन म्हणालो, की वस्ती सलग आहे. नकाशा उघडला. खांद्यावर पालखी असलेल्या माणसाला नकाशा बघता येत नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तो घामाने निथळत होता. "भाऊ, बाजूला व्हा, लोकं वाट बघतायत," एवढंच म्हणाला. रागाने नाही.

मी बाजूला झालो. अकरा मिनिटांचा रस्ता, मला बराच वेळ लागला.

रंभा दारातच होती. माझ्या मागे कुणी येतंय का ते तिने बघितलं. मग निरांजन मालवलं आणि आत गेली. ताट पायरीवरच राहिलं. ते मी उचलून आत ठेवलं. फार वाईट वाटलं. चूक नियमाची होती असं लिहिणार होतो, पण आज लिहवत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळी ७.
दोन दिवस रंभा बोलत नाही. जेवण वेळेवर. पूजाच्या मार्फत मीठ मागितलं तर मिळतं.

ऑफिसात जेकबनी काय झालं विचारलं. सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. आपल्या डब्यातला अर्धा घावन माझ्या झाकणावर ठेवला.

घरी आलो तर ओसरीत ठमाबाई, गोविंदा आणि वही. रंभाने बोलावून घेतलं होतं, मला न विचारता. पुढच्या दसऱ्यासाठी नाव दिलं. यंदाचं गेलं ते गेलं, पुढल्या वर्षी देवी तिच्या दारात आधी येणार, ओटी तीच भरणार. ठमाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. रंभा रडली थोडी. मी भिंतीकडे बघत उभा होतो.

मग गोविंदाने वही वाचून दाखवली. घर : रंभाबाईचं. माणसं : दोन. रंभाबाई, पूजा. खांदा : गोविंदा देणार.

मी म्हटलं, तीन. गोविंदाला अवघडल्यासारखं झालं. म्हणाला, "तुम्ही लेखी दिलाव ना, मोरूभाव. तो कागद आमी देवीफुडं ठेवला. आता तो असा नाय काढता येत. फुडल्या दसऱ्याला देवीला कौल लावू. उजवं फूल पडलं त तुमचं नाव घालू."

मी दुरुस्तीपत्र देतो म्हणालो. आतून कागद आणायला उठलोसुद्धा. ठमाबाई म्हणाल्या, आता लिवू नका काय. बसा.

बसलो. म्हणजे वर्षभर या घरात मी राहीन, पण वरसेत नाही. रोह्यात तर नाहीच, ते मोरीवर स्पष्ट झालं. मुंबईच्या नकाशात तिथे भोक आहे. पाहणी पूर्ण झाली असं समजायला हरकत नाही.

ते दोघं गेल्यावर रंभा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दोन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"पाहुणे, चहा घेणार का?"

हो म्हणालो.